बांध बांधणाऱ्या पोरांचं व्याकरण

“ज्या पोरांना मराठीतलं नाम कोणतं आणि क्रियापद कोणतं हे ओळखता येत नाही, त्यांना तुम्ही स्पॅनिश शिकवायला निघालात?”

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या काही मुलामुलींना मी संध्याकाळी स्पॅनिश शिकवते. ते सुरू केल्यापासून हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. विचारणारी माणसं वाईट नाहीत. त्यांत शिक्षक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, मुलांच्या भल्यासाठी झटणारे कार्यकर्तेही आहेत. त्यांचं म्हणणं असं, की ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी घरांतल्या या मुलांची भाषाच कच्ची. प्रमाण मराठीत लिहिताना अडखळतात, इंग्रजीचं नाव काढलं की गप्प होतात. अशा मुलांपुढे जिच्यात एकच शब्द आज नाम तर उद्या क्रियापद होतो अशी भाषा ठेवायची, म्हणजे त्यांचा आणखी गोंधळ करायचा. आधी पाया पक्का होऊ द्या, मग काय ते बघू.

हे म्हणणं मुळातच चुकीचं आहे. मुलांना काय येतं हे त्यात धड पाहिलेलं नाही, आणि व्याकरण म्हणजे काय हेही धड पाहिलेलं नाही. शिवाय ते काळजीच्या सुरात बोललं जातं, त्यामुळे त्याला कोणी उलटून विचारत नाही. म्हणून हा लेख.

ज्या शब्दाची भीती घातली जाते, त्याच्यापासूनच सुरुवात करू. स्पॅनिशमध्ये ‘त्राबाखो’ म्हणजे काम. आणि ‘त्राबाखो’ म्हणजेच ‘मी काम करते’ किंवा ‘मी काम करतो’. अक्षरं तीच, उच्चार तोच. ‘एल त्राबाखो एस दुरो’ म्हणजे काम कष्टाचं आहे. ‘त्राबाखो एन मुरबाड’ म्हणजे मी मुरबाडला काम करते. पहिल्या वाक्यात शब्दाच्या आधी ‘एल’ आहे, ते नामाच्या आधी येणारं उपपद. दुसऱ्यात ते नाही, आणि शेवटचा ‘ओ’ हा ‘मी’चा प्रत्यय आहे. शेवटच्या ‘ओ’वर जोर देऊन तोच शब्द उच्चारला तर अर्थ होतो ‘त्याने काम केलं’.

फळ्यावर ही दोन वाक्यं लिहिली होती आणि मी समजावून सांगायच्या बेतात होते. टोकावड्याकडच्या एका वाडीवरून येणारी अकरावीतली मुलगी म्हणाली, “म्हणजे बाई, आमचा बाबा बोलतो ना, जा, तो बांध बांध. तसंच हे.”

मी तिला विचारलं, पहिला बांध कुठला आणि दुसरा कुठला?

“पहिला शेताचा. दुसरा मी करायचा.”

भातशेतीचा मुलूख ज्याने पाहिला आहे त्याला हे वाक्य कुठून आलं ते सांगावं लागणार नाही. उन्हाळ्यात राब भाजून ठेवलेला असतो, पावसाला जोर आला की आवण काढून लावणीची घाई सुरू होते. खाचरात पाणी ठरलं पाहिजे, आणि पाणी ठरायचं तर बांध धड हवा. खेकडे तो आतून पोखरतात. वरून काही दिसत नाही, पण रात्रीत पाणी खालच्या खाचरात उतरतं आणि सकाळी लावलेल्या रोपांच्या मुळाशी नुसता चिखल उरतो. मग घरातल्या पोराला हाक जाते. हाताने चिखल काढायचा, भोकात दाबायचा, पायाने तुडवायचा. ‘बांध बांध’ हे दोन शब्द त्या पोराच्या कानावर कितीदा पडले असतील याला गणती नाही, आणि त्यातला वस्तूचा कोणता व कामाचा कोणता याबद्दल त्याचा कधीही गोंधळ झालेला नाही. गोंधळ झाला असता तर घरचं भात गेलं असतं.

यावर मला उत्तर मिळतं, की बोलता येणं म्हणजे व्याकरण येणं नव्हे. जिभेवर असतं ते डोक्यात असतंच असं नाही. ठीक आहे, तपासून बघू. त्या संध्याकाळी आम्ही पुढे गेलो. मी मुलांना म्हटलं, दोन्ही बांधांना काही ना काही जोडून बघा. थोड्या वेळात फळ्यावर दोन रांगा उभ्या राहिल्या. एकीकडे बांधाला, बांधावर, बांधाचा. दुसरीकडे बांधायला, बांधून, बांधला, बांधशील. एक मुलगा म्हणाला, ‘बांधाला’ आणि ‘बांधायला’ यांत एकाच ‘य’चा फरक आहे, पण ‘बांधाला जा’ म्हटलं तर मी तिथे जाऊन उभा राहीन आणि ‘बांधायला जा’ म्हटलं तर चिखलात हात घालीन. शब्दाला शेवटी काय लागतं ते बघून त्याची जात ठरवायची, ही कसोटी या मुलांनी स्वतः काढली. पाणिनीने पद कशाला म्हणायचं हे ठरवताना शेवटी लागणाऱ्या प्रत्ययांवरच बोट ठेवलं होतं. नामाचे प्रत्यय लागले तर एक वर्ग, क्रियेचे लागले तर दुसरा. ‘पाया कच्चा’ म्हणणाऱ्यांनी पाया कशाला म्हणतात ते मला सांगावं.

बांधाचं उदाहरण एकटं नाही. नांगर खांद्यावर घेतात आणि शेत नांगर असंही म्हणतात. रोपाची वाढ बघतात आणि ताटात भाकर वाढ असंही सांगतात. वालाला मोड येतात, चुलीसाठी काटकी मोड म्हणतात. शेतीच्या कामात अशा जोड्या जास्त सापडतात, कारण तिथे वस्तू आणि काम एकमेकांपासून लांब नसतात. स्पॅनिशमध्येही तेच आहे. ‘कुल्तीबो’ म्हणजे पीक आणि ‘मी पिकवतो’. ‘र्‍येगो’ म्हणजे सिंचन आणि ‘मी पाणी देतो’. ‘आबोनो’ म्हणजे खत आणि ‘मी खत घालतो’. ‘स्येम्ब्रा’ म्हणजे पेरणी आणि ‘ती पेरते’. हे शब्द शहरातल्या विद्यार्थ्याला पाठ करावे लागतात. इथल्या मुलांना त्यांची नुसती ओळख करून द्यावी लागते.

दुसऱ्या प्रकारचे शब्द जास्त खोल आहेत, आणि तिथे मराठीचा आधार आणखी भक्कम मिळतो. स्पॅनिश क्रियापदाचं जे मूळ रूप शब्दकोशात दिलेलं असतं, तेच पुष्कळदा सरळ नाम म्हणून वापरतात. ‘देबेर’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ एखादी गोष्ट करणं भाग असणं, आणि पैसे देणं लागणं हाही. ‘एल देबेर’ म्हटलं की ते नाम, म्हणजे कर्तव्य. त्याचं अनेकवचन ‘देबेरेस’. स्पेनमधली शाळकरी मुलं घरच्या अभ्यासाला ‘देबेरेस’ म्हणतात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे क्रियापद एका शब्दाने आणि नाम दुसऱ्या शब्दाने लक्षात ठेवावं लागतं. मराठी मुलाला मी एवढंच विचारते, की ‘देणं’ हा शब्द काय आहे? पैसे देणं ही क्रिया. सावकाराचं देणं ही वस्तू, आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक असते. ‘देणी फेडली’ म्हणताना तिचं अनेकवचनही होतं.

गाणं, दुखणं, येणं, लेणं, म्हणणं, मागणं हे सगळे शब्द याच घरचे. गाणं गातात, गाणी म्हणतात. गुडघा दुखतो ते दुखणं, आणि अंथरुणाला खिळवतं तेही दुखणं, त्याची दुखणी होतात. आजीच्या अंगावरचा दागिना हे लेणं, आणि तो दागिना अंगावर लेणं हेही मुलाने तिच्याच तोंडून ऐकलेलं असतं. पण ‘जाणं’ आणि ‘बसणं’ यांना ‘जाण्याला’, ‘बसण्यासाठी’ असे नामाचे प्रत्यय लागत असले तरी त्यांचं अनेकवचन होत नाही. म्हणजे मराठीतल्या काही क्रियांनी नामाचा उंबरठा पूर्ण ओलांडला आहे आणि काही उंबरठ्यावरच थांबल्या आहेत. स्पॅनिशमध्येही हुबेहूब हीच रेघ आहे. ‘देबेरेस’, ‘पोदेरेस’, ‘साबेरेस’ ही अनेकवचनं चालतात. ‘कोमेर’ म्हणजे खाणं. ‘एल कोमेर’ असं नामासारखं म्हणता येतं, पण त्याचं अनेकवचन कोणी करत नाही. ही रेघ मराठी मुलाच्या कानात आधीपासून आहे. तिच्यावर बोट ठेवणं एवढंच शिक्षकाचं काम.

प्रत्येक ठिकाणी जुळतंच असं नाही, आणि तसा दावा मी करणार नाही. ‘पोदेर’ म्हणजे शकणं, आणि ‘एल पोदेर’ म्हणजे सत्ता, ताकद. मराठीत ‘शकणं’ असं नाम होत नाही. कोणाचं ‘शकणं’ मोठं आहे असं आपण म्हणत नाही. तिथे मुलं थांबतात, विचार करतात. हे थांबणं चांगलं आहे. आपल्या भाषेत जे आहे आणि जे नाही ते दोन्ही परक्या भाषेमुळे दिसतं.

आता ‘पाया’वाल्यांच्या दुसऱ्या समजुतीकडे येते. परका शब्द घ्यायचा तर आधी व्याकरण आलं पाहिजे, असं ते धरून चालतात. ‘पगार’ हा शब्द घ्या. तो पोर्तुगीज ‘पगार’ या क्रियापदापासून आला. त्याचा अर्थ पैसे देणं, चुकतं करणं. स्पॅनिशमध्येही हेच क्रियापद याच अक्षरांनी लिहितात. वसईला पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत होता. त्या दोनशे वर्षांत किनाऱ्यावरच्या माणसांनी गोऱ्यांच्या तोंडून हे क्रियापद ऐकलं आणि त्याचं सरळ नाम करून टाकलं. पुल्लिंग ठरवलं, ‘पगाराला’, ‘पगारातून’ असे प्रत्यय लावले, ‘पगारी’ हे विशेषणही पाडलं. घमेलं, चावी, लिलाव हे शब्द त्याच वाटेने आले. आज कसाऱ्याच्या डोंगरात आणि माळशेजच्या पायथ्याशी ‘पगार’ न म्हणता महिना संपत नाही. हे काम ज्यांनी केलं ते खलाशी, हमाल, गवंडी, बाजारात बसणाऱ्या बाया. त्यांना कोणी शब्दांच्या आठ जाती विचारल्या नव्हत्या. नाम आणि क्रियापद यांच्यामधली ये-जा या भूमीवर साडेचारशे वर्षं चालू आहे, ती अशा माणसांच्या जोरावर.

आणि या आठ जाती तरी आल्या कुठून? यास्काने शब्दांचे चार वर्ग मानले: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. त्याच्याच निरुक्तात एक मोठा वाद नोंदलेला आहे. शाकटायनाचं म्हणणं, सगळी नामं धातूंपासूनच निघतात. गार्ग्याचं म्हणणं, सगळी नाही. नाम आणि क्रिया यांच्यातली सीमा कुठे, हा प्रश्न तेव्हाच्या मोठ्या पंडितांनाही सुटलेला नव्हता. मराठीचं व्याकरण छापलं ते सुरुवातीला परक्यांनी. विल्यम कॅरीचं पुस्तक बंगालमधल्या श्रीरामपूरला १८०५ साली निघालं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६चं, आणि मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चं. संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन्ही व्याकरणांचे साचे समोर ठेवून हे काम झालं. शाळेत आपण घोकतो त्या आठ जाती इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने आपल्याकडे रुळल्या. स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण आन्तोन्यो दे नेब्रिखाने १४९२ साली काढलं, तेव्हा लॅटिनच्या आठ वर्गांऐवजी त्याने कास्तिलियन भाषेसाठी दहा मानले. म्हणजे कुठे चार, कुठे आठ, कुठे दहा. भाषा पाहून माणसांनी हे वर्ग केले, कामापुरते केले, आणि गरज पडली तसे बदलले. शाळेत पोचेपर्यंत मात्र ते निसर्गनियमासारखे होतात. ‘खेळ’ हा शब्द सुटा छापायचा आणि त्याची जात विचारायची. मुलाने ‘क्रियापद’ लिहिलं तर चूक, कारण उत्तरसूचीत ‘नाम’ आहे. ‘चल, खेळ’ हे वाक्य त्या मुलाच्या मनात असेल, तर त्याचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. चुकीचा आहे तो प्रश्न. वाक्याबाहेर काढलेल्या ‘खेळ’ला जात नाहीच. असल्या प्रश्नांवर गुण गमावलेल्या मुलांना पुढे ‘भाषेत कच्चं’ हा शिक्का बसतो आणि तोच शिक्का दाखवून त्यांना दुसरी भाषा नाकारली जाते. हा अन्याय आहे. तो कोणी मुद्दाम करत नसलं तरी अन्यायच आहे.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. वर दिलेल्या जोड्यांत एक शब्द मी मागे ठेवला होता, ‘उचल’. घमेलं उचल, विटा उचल. आणि उचल म्हणजे वीटभट्टीच्या मालकाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम. शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांत पावसाळ्याच्या शेवटी घरात दाणे संपतात, तेव्हा ही उचल घेतली जाते. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जातं. नवराबायको गारा तुडवतात, साच्यात विटा थापतात, दर आठवड्याला खर्ची मिळते, आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. हिशेबात पुष्कळदा उचल फिटलेली नसते, मग ती पुढच्या हंगामावर चढते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६चा आहे. विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेने याच ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढे दिले. तरी ‘उचल’ हा शब्द वाड्यांतून गेलेला नाही. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या तीन जमातींना आदिम जमात मानलं आहे, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांतल्या पहिल्या जमातीच्या मुलांबद्दल मी बोलते आहे.

हे इथे का सांगते? तर ‘ही मुलं भाषेत मागे का’ या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे म्हणून. वर्गात नाम आणि क्रियापद शिकवलं जातं त्या महिन्यांत ती मुलं आईबापांबरोबर भट्टीवर असतात. हजेरीपटावरची ती रिकामी जागा बुद्धीची नाही, उचलीची आहे. मूल परत येतं तेव्हा धडा पुढे गेलेला असतो, आणि न शिकवलेल्या धड्याची परीक्षा घेऊन आपण ठरवतो की याला भाषा जमत नाही. भाषा शिकण्याची ताकद आणि शाळेत बसण्याची संधी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ज्यांना मुलांचा खरोखर कळवळा आहे त्यांनी संधीसाठी भांडावं, ताकदीवर संशय घेऊ नये.

‘आधी मराठी, मग इंग्रजी, मग जमलं तर तिसरी’ हा क्रम तरी कोणी ठरवला? स्पॅनिश शिकायला इंग्रजीच्या दारातूनच जावं लागतं, हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तोच समज या मुलांना बाहेर ठेवतो. खरं तर इंग्रजीची वाट लांबची आहे. ‘मला आंबा आवडतो’ हे वाक्य घ्या. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो’. ‘मे’ म्हणजे मला. आंबे झाले की ‘मला आंबे आवडतात’, तिथे ‘मे गुस्तान लोस मांगोस’. क्रियापद आंब्याप्रमाणे बदललं, माझ्याप्रमाणे नाही. मराठीतही तसंच. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता होऊन बसतो, म्हणून इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्यांना हे वाक्य सरळ व्हायला फार वेळ लागतो. माझ्या वर्गात ते एका संध्याकाळी सरळ झालं. ‘माझं डोकं दुखतं’चंही तसंच. ‘आमानेसे’ म्हणजे उजाडतं. कोण उजाडतं? कोणी नाही. मराठीतही कर्ता लागत नाही, स्पॅनिशमध्येही लागत नाही, इंग्रजीत मात्र नसलेला कर्ता आणून बसवावा लागतो. आणि हा ‘आमानेसेर’ नाम म्हणूनही चालतो, तेव्हा त्याचा अर्थ पहाट. क्रियापदाच्या रूपातच ‘मी’ आणि ‘तू’ दडलेले असल्यामुळे सर्वनाम गाळता येतं, हेही दोन्ही भाषांत सारखं. ‘त’ आणि ‘द’ दातांवरचे, ‘क’ आणि ‘प’ हवा न सोडता म्हणायचे, लिहिलं आहे तसंच बहुतेक वाचायचं. या सगळ्यात देवनागरी लिहिणारा, मराठी बोलणारा मुलगा पुढे आहे. बाजारात मिळणारी बहुतेक पुस्तकं इंग्रजीतून लिहिलेली आहेत, म्हणून हा फायदा त्याच्या हाती लागत नाही. अडचण पुस्तकाची आहे.

“पण उपयोग काय? शहापूरच्या पोराला स्पॅनिश कुठे लागणार?” हा शेवटचा प्रश्न. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक पातळीवर शिकता येतील अशा परकी भाषांची जी नावं दिली आहेत त्यांत स्पॅनिश आहे. जवळपास वीस देशांची ती राजभाषा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे. मुंबई-ठाण्यातल्या महागड्या शाळांत ती शिकवली जाते, आणि तिथल्या पालकांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे ती ‘क्षितिज रुंदावणं’ असते, इथे ती ‘नसता उद्योग’ ठरते. तानसा, भातसा, वैतरणा ही धरणं शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर उभी आहेत आणि त्यांचं पाणी मुंबई पिते. तालुक्यातल्या वाड्यांवर मात्र एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघतात. पाण्याच्या बाबतीत जे झालं ते आम्ही पाहिलं आहे, भाषेच्या बाबतीत तेच पुन्हा होऊ द्यायची आमची तयारी नाही. नोकरी लागेल की नाही हे मी कोणाला सांगत नाही, तसं वचन देणं मला मान्यही नाही. मुलांना शिकायचं आहे, त्यांना ते जमतं आहे, एवढं कारण मला पुरतं. श्रीमंताच्या मुलाला तेवढं कारण पुरत असेल तर यांनाही पुरलं पाहिजे.

मुलाच्या जगण्यातून, त्याच्या बोलीतून शिकवायचं ही गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, त्याआधी डहाणू तालुका ठाण्यातच होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. गुरं राखायला गेलेली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली, आणि त्या शाळेला कुरणशाळा हे नाव पडलं. त्यांच्यापुढेही ‘या मुलांना शिकून काय करायचं’ असं म्हणणारे होतेच. ताराबाई-अनुताईंनी मुलं अजून तयार नाहीत असं म्हटलं नाही. त्यांनी शाळेची तयारी कमी पडते आहे असं मानलं आणि शाळा बदलली.

मला जे हवं आहे ते फार मोठं नाही. मराठीतून लिहिलेलं स्पॅनिशचं एक पहिलं पुस्तक हवं, ज्याचा पहिला धडा ‘मला आवडतं’ने सुरू होईल, दुसऱ्यात ‘देबेर’शेजारी ‘देणं’ असेल, आणि तिसऱ्यात पेरणी, खत, पाणी आणि काम यांचे ते दुहेरी शब्द. भट्टीवरून उशिरा परतणाऱ्या मुलांसाठी तोच भाग पावसाळ्यात पुन्हा घेण्याची सोय हवी. आणि मराठीच्या प्रश्नपत्रिकेत सुटा शब्द देऊन त्याची जात विचारणं बंद व्हावं. ‘बांध’ असलेली दोन वाक्यं द्यावीत आणि विचारावं, कोणता बांध कोणता, आणि तू कशावरून ओळखलंस? मुलाने जे कारण लिहिलं असेल त्याला गुण द्यावेत, मग ते प्रमाण मराठीत लिहिलेलं असो, ठाकरीत असो की कातकरीत.